आवाहन आणि आसन

दान आणि देणे हे दोन्ही शब्द एकाच ‘दा’ धातूच्या पोटी जन्मले. परंतु व्यवहारात त्यांची घरे वेगळी झाली. दान करणारा दाता ठरतो, त्याचे नाव फलकावर चढते. देणे असणारा देणेकरी ठरतो, आणि त्याने देणे फेडले म्हणून कोणी त्याला शाल-श्रीफळ देत नाही. न फेडले तर मात्र चार माणसांत त्याची मान खाली जाते. एखादी वस्तू आपण दुसऱ्याच्या हाती ठेवतो ती दान म्हणून की देणे म्हणून, हा प्रश्न वरवर पाहता शब्दांचा खेळ वाटेल. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले म्हणजे त्यातील भेद कळतो. दान घेताना वाकावे लागते. आपले येणे वसूल करणारा ताठ उभा राहतो. ज्या मुलाविषयी मी लिहिणार आहे त्याच्यापुढचा सारा प्रश्न उभे राहण्याचाच आहे, म्हणून हा भेद मला क्षुल्लक वाटत नाही.

आपल्या पेडणे तालुक्यातील एका वाडीवर नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचे नाव अथवा वाडी सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊकच आहे, आणि इतरांनी तो आपल्या शेजारचा समजावा. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूच्या काही भागाला इजा झाली. डॉक्टर या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बुद्धी तल्लख आहे, पाढे मुखोद्गत आहेत, बोलणे किंचित अडखळते एवढेच. पायांचे स्नायू मात्र ताठरलेले आहेत आणि कंबर स्थिर राहत नाही. त्याला दोन वस्तू लागतात. एक, उभे राहण्याची लाकडी चौकट : टाचा, गुडघे, कंबर व छाती यांना आधार देऊन अंग सरळ धरणारी, पुढे वही ठेवण्यास फळी असलेली. फिजिओथेरपिस्ट तिला स्टँडिंग फ्रेम म्हणतात. दुसरी वस्तू म्हणजे त्याच्या मापाची, हात असलेली खुर्ची. तीत पाय खाली पाटाला टेकतात आणि कंबर मागे घट्ट बसते.

प्राथमिक शाळेतल्या बाईंनी वर्गाच्या एका कोपऱ्यात चौकटीला जागा करून दिली होती. वाचनाच्या तासाला हा मुलगा तीत उभा असे आणि बाकीची मुले खाली बसलेली असत. पहिले दोन दिवस मुले टकमक पाहत राहिली. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी तिच्या खुंटीला आपली दप्तरे अडकवावयास आरंभ केला. मुले अशा गोष्टींना लवकर सरावतात. वर्षे लागतात ती मोठ्यांनाच.

आपल्याकडे चौथी संपली की वाडीजवळची शाळा सुटते आणि पाचवीला हायस्कुलात जावे लागते. एका हायस्कुलात पालकांनी चौकशी केली. त्या शाळेचे नाव येथे नको. प्रवेश कोणी नाकारला नाही. एवढेच सांगण्यात आले की, तुमचे सामान तुम्ही आणा, रोज सकाळी आणा आणि शाळा सुटल्यावर परत न्या. वर्गात ठेवावयास जागा नाही. वडील गवंड्याच्या हाताखाली कामाला जातात. मुलगा एका खांद्यावर आणि चौकट दुसऱ्या खांद्यावर घेऊन, जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या चढून वरच्या मजल्यावर रोज पोहोचणे म्हणजे काय, याचा विचार सांगणाराने केला असेल असे वाटत नाही. बोलणे मात्र सौम्य होते. आपल्या समाजात नकार बहुधा सौम्य शब्दांतच दिला जातो.

ही हकीगत देवळाच्या सभामंडपात निघाली तेव्हा चार सज्जनांनी तात्काळ खिशात हात घातला. त्यांचे मन मोठे, यात संशय नाही. पण मुलाच्या आईने त्यांना जे सांगितले ते मला अद्याप विसरता येत नाही. ती म्हणाली, “पैसे मी मागितलेच नाहीत. मी जागा मागितली.” जी शाळा एक चौकट ठेवून घेत नाही, तिच्या दारात देणगीतून दुसरी चौकट नेऊन ठेवल्याने काय साधणार आहे?

येथे कोणी विचारील की, हा सारा व्यायाम घरी का होऊ नये? शाळा शिक्षणासाठी, दवाखाना उपचारासाठी. विचारणे रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा पुढे वाढत नाही. परंतु शरीर वाढते, आणि अडचण तेथूनच सुरू होते. हाडे लांब होतात, ताठरलेले स्नायू त्यांच्याबरोबर लांब होत नाहीत. सांधे आखडू लागतात. अशा मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू जागचा सरकतो. म्हणून आधाराने उभे राहणे, नीट बसणे, स्नायू ताणलेले ठेवणे, हे रोजचे काम होऊन बसते. उभे राहण्यासाठी तज्ज्ञ साधारणतः दिवसाला तास-दीड तास आणि आठवड्यातून पाच दिवस, अशी शिफारस करतात. उभे राहण्याच्या प्रत्येक लाभाविषयी पुरावा सारखाच भक्कम आहे असे ते स्वतःही म्हणत नाहीत. सातत्याविषयी मात्र त्यांच्यात दुमत नाही. आता पाहा, आठवड्यातले ते पाच दिवस मूल असते कोठे? शाळेत. सकाळचा ताजा वेळ जातो कोठे? शाळेत. संध्याकाळी थकून आलेल्या मुलाला दीड तास चौकटीत बांधावयाचे, तर त्याने अभ्यास केव्हा करावा आणि खेळ केव्हा पाहावा?

खुर्चीचे तर उपचाराशी जितके नाते आहे तितकेच विद्येशीही आहे. हे मला एका फिजिओथेरपिस्ट भगिनीने समजावून दिले. कंबर स्थिर झाल्याशिवाय हात मोकळा होत नाही. साध्या बाकावर बसलेला हा मुलगा पडू नये म्हणून डाव्या हाताने बाकाची कड धरून ठेवतो. मग वही सरकू न देण्यास हात उरत नाही, आणि उजव्या हाताने काढलेले अक्षर वाकडे येते. गुरुजी म्हणतात, अक्षर वाईट. दोष अक्षराचा नव्हे, आसनाचा आहे. योग्य खुर्चीत बसल्यावर त्याच बोटांनी तो ओळीत लिहितो. यास्तव ती खुर्ची मी दवाखान्यातील वस्तूंत धरीत नाही. पाटी आणि पेन्सिल यांच्याच पंक्तीला बसवतो.

मूळ प्रश्नाकडे वळू. शाळेने ही साधने ठेवावी, जपावी, आणि प्रसंगी पुरवावी, हे म्हणणे म्हणजे एका मुलावर विशेष मेहेरबानी करणे होय काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. शाळा इतर सर्व मुलांना अगोदरच साधने देत आली आहे. बाक हे साधन आहे. ज्यांची कंबर स्थिर आहे त्यांच्या मापाने ते केलेले आहे. फळ्यावरची अक्षरे डोळे असणाऱ्यांसाठी आहेत. आणि जिना? ज्यांचे पाय चढू शकतात अशांना वर नेण्यासाठी हजारो रुपये खर्चून बांधलेले ते उपकरणच नव्हे काय? पायांच्या बळावर कोणी वरच्या मजल्यावर उडी मारीत नाही. सर्वांनाच आधार लागतो. ज्यांचा आधार आधीच बांधून झाला आहे त्यांना तो आधार वाटेनासा होतो, एवढेच.

ही गोष्ट दूर जाऊन शोधावयास नको. मोप येथे डिसेंबर २०२२ मध्ये मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या प्रवाशाला चालवत नाही त्याला तेथे चाकांची खुर्ची मिळते आणि ती ढकलणारा माणूसही मिळतो. त्यासाठी कोणी वर्गणी काढीत नाही, कोणी छायाचित्र छापीत नाही, आणि खुर्चीत बसलेला गृहस्थही आपण कोणाचे उपकार घेतले असे मानीत नाही. विमानतळाचे ते कामच आहे, असे सर्वांना वाटते. त्याच तालुक्यातील एका मुलाने वर्गात बसण्याजोगी खुर्ची मागितली की मात्र आपल्याला दया आठवते!

माझे वडील पुजारी. लहानपणापासून षोडशोपचार पूजा पाहत आलो. तीत पहिला उपचार आवाहनाचा आणि दुसरा आसनाचा. देवाला बोलावले की लगेच बसावयास द्यावयाचे. पाद्य, अर्घ्य, गंध, पुष्प, नैवेद्य हे सारे त्यानंतर. बोलावून उभे ठेवणे हा अनादर, हे आपल्या पूर्वजांनी पूजेच्या क्रमातच गोवून ठेवले. या मुलांच्या बाबतीत आपण आवाहन केले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने आला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. प्रवेशाच्या यादीत नाव चढते, पटावर हजेरी लागते. पण आसन कोठे आहे?

आसनाची आज्ञाही झालेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे सोळावे कलम शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या व शासनमान्य अशा सर्व शिक्षणसंस्थांना लागू पडते : भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व आवार सर्वांना वापरता येईल असे करावे, आणि त्या त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी. सतराव्या कलमाने, ज्यांचे अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे अशा विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके आणि योग्य ती सहायक साधने विनामूल्य पुरविण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. याहून महत्त्वाची गोष्ट व्याख्यांच्या कलमात दडलेली आहे. वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे तोंडाने ‘या’ म्हणून जागा न देणे हे कायद्याच्याही दृष्टीने ‘येऊ नका’ म्हणण्यासारखेच आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात हाच धागा पुढे नेला. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक हवा होता. चाळीस टक्क्यांची अट पूर्ण होत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

कायद्याने एक मर्यादाही घातली आहे, आणि ती लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सोय अशी असावी की तिचा अवाजवी भार संस्थेवर पडू नये. एखाद्या छोट्या शाळेने उद्वाहक बसवावा असे कोणी म्हटले तर मीही आधी हिशेब पाहीन. पण पाचवीचा वर्ग वरून खाली आणणे हा कोणता भार? वर्गाच्या कोपऱ्यात चार चौरस फूट जागा हा कोणता भार? पुष्कळदा ज्याला भार म्हटले जाते तो केवळ सवय मोडण्याचा त्रास असतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा आहेत. तेथे साधने आहेत, शिकलेले शिक्षक आहेत. मग सर्वसाधारण शाळेचा आग्रह कशाला? पर्वरीचे संजय सेंटर, फोंड्याचे लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीची केशव सेवा साधना यांसारख्या संस्थांचे काम ज्यांनी पाहिले आहे ते त्यांना नमस्कारच करतील. काही मुलांना तेच स्थान योग्य असते. पण ते ठरवावयाचे कोणी? एकतिसाव्या कलमात सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला मोफत शिक्षण सांगितले आहे, ते शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे. पसंती मुलाची आहे, मुख्याध्यापकांची नव्हे. विशेष शाळा हा एक दरवाजा असावा. दुसरा दरवाजा बंद करण्याचे निमित्त असू नये.

“पडला-झडला तर जबाबदारी कोणाची?” असेही विचारले गेले. आधार असलेले मूल पडण्याचा संभव अधिक की आधार काढून घेतलेले, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

मला सर्वांत जास्त खटकतो तो आणखी एक सूर. तो उघड बोलला जात नाही. आईबाप आपल्या मुलासाठी भांडतात, तेव्हा लोकांना त्यात स्वार्थ दिसतो. ‘यांना आपलेच पडले आहे’ असे म्हणतात. आपल्या मुलासाठी मागणे हा स्वार्थ आहे काय? याचा विचार करताना मला मुंबईच्या फातेमा इस्माईल यांचे चरित्र आठवते. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचाराची सोय तेव्हा आपल्या देशात जवळजवळ नव्हतीच. मुलीसाठी वणवण करताना जे शिकायला मिळाले ते त्यांनी घरात ठेवले नाही. १९४७ साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली, त्यातून पुढे हाजी अलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय आले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोल्हापूरच्या नसीमा हुरझूक यांना तरुणपणी पायांनी दगा दिला. चाकांच्या खुर्चीतून त्यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली, आणि तिचे काम आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गापर्यंत आले. या दोघींनाही आरंभी स्वतःच्याच घरातील दुःख हलवून गेले. स्वतःच्या दारात उभे राहूनच माणसाला रस्ता दिसतो. एका मुलासाठी झालेला उतार नंतर दहा जणांना वापरता येतो. म्हाताऱ्या पालकांना, पाय मोडलेल्या शिक्षकाला, पुस्तकांच्या पेट्या नेणाऱ्या शिपायालाही.

मग दानाला काहीच स्थान नाही काय? आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे जे लक्षण सांगितले आहे त्यात देश, काळ आणि पात्र या तिन्हींचा विचार आहे, आणि द्यावयास हवे म्हणून द्यावे, परतफेडीच्या आशेने देऊ नये, असाही भाव आहे. नीट पाहिले तर सात्त्विक दान हे देण्याच्या फार जवळ येऊन बसते. आमच्या या प्रश्नात देश म्हणजे वर्ग. घराच्या माळ्यावर पडलेली चौकट अस्थानी आहे. काळ म्हणजे आज. वाढत्या मुलाचे माप वर्षभरात बदलते, आणि पुढल्या वर्षी शिबिरात मिळालेली साधने पुष्कळदा गेल्या वर्षीच्या मुलाच्या मापाची ठरतात. जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पहिला पर्पल फेस्ट झाला. त्या उत्सवाने अनेकांची नजर बदलली, हे मान्य करावयास हवे. पण उत्सवाचे दिवस बोटांवर मोजण्याइतके असतात. पाचवीचे शाळेचे कामकाजाचे दिवस वर्षात किमान दोनशे.

देवस्थानच्या सभासद कुटुंबांना मी विनंती करतो ती पैशांची नाही. आपल्यापैकी कितीतरी जण शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर आहेत, पालक-शिक्षक संघांत आहेत. पुढील बैठकीत हा एक विषय लेखी घ्यावा. पालकांनीही तोंडी विनवण्या सोडाव्या. फिजिओथेरपिस्टकडून पत्र घ्यावे. त्यात कोणते साधन, कोणत्या मापाचे, दिवसात किती वेळ, आणि वापर कोणी शिकून घ्यावयाचा, हे स्पष्ट असावे. ते अर्जासोबत मुख्याध्यापकांना देऊन पोच घ्यावी. लेखी अर्जाला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि लेखी नकार देताना सौम्य माणसाचाही हात थबकतो. तरीही नकार आला तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे दाद मागता येते. त्यात कोणाशी वैर धरण्याचे कारण नाही. तलाठ्याकडे उतारा मागण्यात वैर असते काय?

खर्चाचे म्हणाल तर २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद धरण्यात आली. ती तुटपुंजी आहे, पण मागितल्याशिवाय तीही हलत नाही. कानपूरच्या ‘अलिम्को’ या सरकारी कारखान्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी खुर्ची तयार होते. आणि जे तेथून येण्यास वेळ लागेल ते आपल्या मेस्तांच्या हातून होण्यासारखे आहे. मेक्सिकोच्या डोंगरातील अजोया नावाच्या खेड्यात तेथल्या अपंग गावकऱ्यांनीच लाकडाच्या खुर्च्या व चौकटी करावयास आरंभ केला. डेव्हिड वर्नर यांनी तो अनुभव १९८७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि त्यातील आकृत्या पाहून जगभरच्या खेड्यांतून सुतारांनी साधने केली. एवढेच पथ्य की माप फिजिओथेरपिस्टने घ्यावे; अंदाजाने केलेली चौकट आधार देण्याऐवजी अंग वाकडे करते.

या मुलाचे माप घेऊन झाले आहे. मेस्तांनी लाकूड पाहून ठेवले आहे. त्यांची एकच शंका होती, मुलगा वाढला की चौकट टाकून द्यावयाची काय? फिजिओथेरपिस्टने सांगितले, उभ्या खांबांना इंचा-इंचावर भोके ठेवा, म्हणजे दर सहा महिन्यांनी खिळी काढून छातीची पट्टी आणि फळी वर सरकवता येईल. तशी भोके ते पाडीत आहेत. पाचवीचा वर्ग तळमजल्यावर आणण्याविषयीचा अर्ज गेल्या आठवड्यात शाळेत दिला असून त्याची पोच आईने पेटीत जपून ठेवली आहे.